दूरच्या कडेची लांबी

१

काही वर्षांपूर्वी मी एक व्यक्तिचित्र लिहिले होते. आमच्या घरी वीसपंचवीस वर्षे सालगडी म्हणून राबलेल्या एका माणसाचे ते होते. एका दिवाळी अंकात ते आले, वाचकांना आवडले, आणि पुढे ग्रामीण व्यक्तिचित्रांच्या एका निवडक संग्रहासाठी त्याची मागणी झाली. संमती देण्यापूर्वी त्या माणसाच्या मुलाला विचारावे असे वाटले. हे गृहस्थ माझ्याच वयाचे. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गणित व अभियांत्रिकी चित्रकला या विषयांचे निदेशक आहेत. लहानपणी मी त्यांना ‘अरे’ म्हणत असे. आता आम्ही एकमेकांना ‘सर’ म्हणतो. त्यांनी लेख शांतपणे वाचला, कागद सारखे करून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, ‘‘सर, लिहिलंय ते खोटं नाही. पण माझा बाप त्याच्यात तुमच्या ओसरीवरून दिसतो.’’

या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण त्यात आरोप नव्हता. आरोप असता तर त्याला उत्तर देता आले असते. ‘खोटे नाही’ हे त्यांनी मान्यच केले होते. ग्रामीण कादंबरीतील निवेदकावर मी प्रबंध लिहिला आहे. निवेदनकेंद्र, निवेदकाची विश्वसनीयता, लेखक आणि निवेदक यांच्यातील अंतर हे शब्द मी वर्गात रोज वापरतो. परंतु निवेदनकेंद्राचा प्रश्न मी आजवर तंत्राचा प्रश्न म्हणूनच हाताळला होता. तो नीतीचाही प्रश्न असू शकतो, हे मला ज्यांचा साहित्याशी व्यावसायिक संबंध नाही अशा एका माणसाने सांगितले, आणि तेही आपल्या विषयाच्या परिभाषेत. कारण पुढचे त्यांचे वाक्य असे होते : ‘‘आमच्यात याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. दूरची कड आखूड येते. आयसोमेट्रिकमध्ये येत नाही.’’

दुसऱ्याचे चित्रण करताना चित्रण करणारा कशाला बांधलेला असतो? आपल्याला जसे दिसले त्याला, की ज्याचे चित्र काढायचे त्याच्या स्वतःच्या मापाला? या दोहोंत विरोध आला तर कोणाशी प्रामाणिक राहायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करायचा आहे, आणि तो त्या निदेशकांच्या विषयाच्या आधाराने. उपमा सापडली म्हणून हा आधार घेतलेला नाही. त्रिमितीतील वस्तू द्विमितीतील कागदावर आणताना काहीतरी गमवावेच लागते, आणि काय गमवायचे ते आधी ठरवावे लागते, ही गोष्ट त्या शास्त्राने जितक्या स्वच्छपणे कबूल केली आहे तितकी साहित्यशास्त्राने क्वचितच केली असेल.

२

एक साधी लाकडी पेटी घ्या. तिला लांबी, रुंदी आणि उंची आहे. कागदाला फक्त दोनच मिती आहेत. तिसरी मिती कोठे ठेवायची? अभियांत्रिकी चित्रकलेचे पहिले उत्तर असे की, ती एका चित्रात ठेवूच नये. पेटीचा समोरून एक, वरून एक आणि बाजूने एक असे तीन स्वतंत्र प्रक्षेप काढावेत. प्रत्येक प्रक्षेपात दोनच मिती, पण त्या संपूर्ण खऱ्या. आपल्याकडे भारतीय मानकानुसार जी पहिल्या कोनाची पद्धत वापरतात तीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढले जाते. नवशिक्या विद्यार्थ्याला हे नेहमी उलटे वाटते. वस्तूच्या पोटातल्या, न दिसणाऱ्या कडा तुटक रेषेने दाखवतात. म्हणजे जे डोळ्याला दिसत नाही तेही आहे, एवढी नोंद हे शास्त्र प्रामाणिकपणे ठेवते.

या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले ते गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने. १७६० च्या दशकात मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत तटबंदीचे प्रश्न सोडवताना त्याने ती विकसित केली, आणि लष्करी गुपित म्हणून ती बरीच वर्षे बाहेर येऊ दिली गेली नाही. राज्यक्रांतीनंतर, १७९५ मध्ये, त्याने तीवर जाहीर व्याख्याने दिली; १७९९ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. अचूक मापाची ही भाषा जन्मतःच सत्तेच्या घरची आहे, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

परंतु तीन प्रक्षेपांत अडचण अशी की, त्यांतील एकही कोणाच्याच डोळ्यांना तसा दिसत नाही. तिन्ही दृश्ये मनात एकत्र आणून वस्तू उभी करावी लागते, आणि ते ज्याला शिकवलेले आहे त्यालाच जमते. अशिक्षिताला त्या कागदावर वस्तू दिसतच नाही. म्हणून चित्ररूप प्रक्षेपांची गरज पडली. एकाच चित्रात तिन्ही मिती दाखवायच्या, म्हणजे पाहणाऱ्याला ‘ही पेटी आहे’ असे लगेच कळेल. त्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला यथादर्शनाचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा. पाहणाऱ्याचा डोळा एका बिंदूवर स्थिर आहे असे धरून, वस्तूपासून डोळ्याकडे येणारे किरण मधल्या पडद्याला जेथे छेदतात तेथे चित्र उमटते. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने याचे प्रयोग केले आणि १४३५ मध्ये अल्बर्तीने त्याची मीमांसा लिहिली. यात दूर जाणाऱ्या समांतर रेषा जवळ येत येत एका बिंदूत लोप पावतात. हा लोपबिंदू. डोळ्याला जग असेच दिसते, म्हणून हे चित्र खरे वाटते; परंतु त्यावर मोजपट्टी ठेवून दूरच्या कडेची लांबी काढता येत नाही.

दुसरा मार्ग तिरकस प्रक्षेपाचा. पेटीची समोरची बाजू जशीच्या तशी, खऱ्या मापाने काढायची आणि खोली एका तिरक्या रेषेने, बहुधा ४५ अंशांत, मागे न्यायची. येथे एक गमतीची गोष्ट घडते. खोलीही खऱ्या मापाने काढली तर पेटी विचित्र लांबट दिसते. म्हणून प्रचलित पद्धतीत खोली निम्मी करतात. म्हणजे खरे माप दिले तर ते खोटे दिसते, आणि खरे दिसावे म्हणून माप खोटे करावे लागते. वास्तववादी कादंबरीवर आपण गेली कित्येक दशके जो वाद घालत आहोत त्याचे सार या एका नियमात आले आहे, असे मला वाटते.

तिसरा मार्ग आयसोमेट्रिकचा, म्हणजे समान मापाचा. १८२२ मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी तो निबंधरूपाने मांडला. पेटी अशी कलती धरायची की तिच्या तिन्ही दिशा पाहणाऱ्याशी सारखाच कोन करतील. कागदावर तिन्ही अक्ष एकमेकांशी १२० अंश करतात. विद्यार्थी सेट-स्क्वेअर लावून आडव्या रेषेशी ३० अंशांच्या रेषा ओढत जातो. यात प्रत्येक दिशा आखूड होते, पण सारखीच, मूळ लांबीच्या सुमारे ८२ टक्के. सर्वांचीच घट सारखी असल्यामुळे व्यवहारात ती घटही सोडून देतात आणि थेट खरी मापेच कागदावर घेतात. येथे समांतर रेषा समांतरच राहतात. लोपबिंदू नाही, कारण डोळा अनंत अंतरावर आहे असे मानले आहे. जवळची कड आणि दूरची कड सारख्याच लांबीची.

‘‘आयसोमेट्रिकमध्ये येत नाही’’ असे ते निदेशक म्हणाले, त्याचा अर्थ हा.

३

आता माझ्या लेखाकडे वळतो. मराठीत व्यक्तिचित्राला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्या मुळाशी व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ हे १९४९ चे पुस्तक आहे. साधी, अलंकार टाळणारी भाषा, माणूस बोलतो-चालतो तसा दाखवणे, लेखकाने भाष्य न करणे, हे संकेत त्यानंतर रूढ झाले. माझा लेखही त्याच संकेतांत बसणारा होता. त्यात पहाटे बैलांना वैरण टाकणारा माणूस होता. पाडव्याला साल ठरवताना ढाळजेत उकिडवा बसणारा, पेरणीच्या दिवसांत आभाळाकडे बघून हसणारा माणूस होता. त्यातील एकही तपशील रचलेला नव्हता.

निदेशकांच्या बोलण्यानंतर मी तो पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या माणसाच्या घराविषयी त्यात एकच वाक्य होते : दिवेलागणीला तो घरी जाई. तेथे परिच्छेद संपत होता, आणि दुसऱ्या परिच्छेदात पुन्हा पहाट होऊन तो आमच्या गोठ्यात आलेला होता. मधली रात्र नव्हती, बायको नव्हती, हा मुलगाही नव्हता. तो जेथे घरी जात होता तेथेच माझ्या चित्रातील सगळ्या रेषा एकत्र येऊन लोप पावत होत्या. घर हा त्याच्या आयुष्याचा मध्य होता. माझ्या चित्रात तो लोपबिंदू झाला होता.

यथादर्शनाची बाजू मांडताना एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, आणि ती फार मोलाची आहे. यथादर्शनी चित्रात क्षितिजरेषा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. म्हणून चित्र जाणकाराच्या हाती पडले तर त्यावरून चित्रकार उभा होता की बसलेला, जमिनीवर होता की जोत्यावर, हे शोधून काढता येते. चित्र आपल्या पाहण्याची जागा लपवू शकत नाही. निदेशकांनी नेमके हेच केले. ‘ओसरी’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही आलेला नव्हता. त्यांनी तो रेषांवरून काढला. निवेदनकेंद्राची चिकित्सा याहून वेगळी काय असते? ज्यांना ‘वस्तुनिष्ठ’ म्हणून गौरवले जाते अशा कित्येक ग्रामीण कथांतील क्षितिजरेषा शोधली, तर ती जोत्याच्या उंचीवर सापडेल.

अर्थात एका डोळ्याने पाहणे हा दोष नव्हे. ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक गावाबाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे, आणि तो बाहेरचा आहे हे कादंबरी कोठेही लपवत नाही, त्याच्या येण्यानेच ती सुरू होते. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’मध्ये (१९७१) मराठवाड्यातील एका शिंप्याची बायको आपल्या बोलीत आपल्या घराची पडझड सांगते. तेथेही डोळा एकच आहे. पण तो ओसरीवरून उचलून चुलीपाशी नेला आहे, आणि त्यामुळे गावातील मोठी माणसे दूर गेली, लहान झाली. यथादर्शन तेच; जागा बदलली की आखूड होणारी कड बदलते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तर सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा लेखक असे एकाच माणसाचे दोन भाग केले आहेत. स्वतःच्या आयुष्याकडे पाहतानाही एका जागेवरून ते पुरे दिसत नाही, याची ही कबुली आहे.

येथे एक मोह टाळला पाहिजे. यथादर्शन ही पाश्चात्त्यांची दृष्टी आणि समांतर प्रक्षेप ही आपली, अशी मांडणी करणे सोपे आहे. त्यात तथ्यांश आहेही. आपल्या लघुचित्रांत महालांच्या मागे जाणाऱ्या कडा बहुधा समांतर राहतात, सगळ्या एका बिंदूत मिळत नाहीत. वारली चित्रात तारप्याभोवतीचा फेर वरून पाहिलेला असतो आणि त्यातील माणसे बाजूने. यथादर्शन हे निसर्गसत्य नसून एका संस्कृतीने घडवलेले प्रतीकरूप आहे, असे एर्विन पॅनोफ्स्कीनेही १९२७ मध्ये प्रतिपादन केले होते. परंतु याचा आधार घेऊन मला सुटका करून घेता येत नाही. ज्या ओसरीवरून मी पाहत होतो तीत परके काहीच नव्हते. ती पूर्णपणे देशी होती.

४

मग आयसोमेट्रिक हे उत्तर आहे काय? प्रत्येकाला सारखे माप देणारी, कोणालाही दूर आहे म्हणून आखूड न करणारी दृष्टी ही न्यायाची दृष्टी वाटते. निदेशकांच्या बोलण्याचा प्रथम मला हाच अर्थ लागला, आणि तो मोहक होता. तथापि या पद्धतीचा थोडा अधिक परिचय करून घेतल्यावर तीन शंका उभ्या राहिल्या.

पहिली शंका मापाविषयीच आहे. आयसोमेट्रिकमध्ये सर्व मापे खरी असतात हे म्हणणे अपुरे आहे. तीन अक्षांना समांतर असणारी मापेच तेवढी खरी असतात. चौरस येथे समभुज चौकोन होतो, वर्तुळ लंबवर्तुळ होते, काटकोन कागदावर काटकोन राहत नाही. घराच्या उतरत्या छपराची कड तिन्ही अक्षांना समांतर नसते. तिच्यावर मोजपट्टी ठेवून काही कळत नाही. तिची दोन टोके आधी अक्षांच्या आधाराने निश्चित करावी लागतात आणि मग ती जोडावी लागतात. म्हणजे समान माप हे ठरवून घेतलेल्या दिशांपुरते समान आहे. माणसाच्या बाबतीत हे अक्ष कोणी ठरवले? जमीन, मजुरी, शिक्षण या अक्षांवर त्या सालगड्याचे माप घेता येते, आणि ते घेतलेच पाहिजे. परंतु आभाळाकडे बघून हसणे ही तिरपी रेषा आहे. ती कोणत्याच अक्षाला समांतर नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अनंतावरच्या डोळ्याला जवळ काय आणि दूर काय हे कळत नाही. घनाचे आयसोमेट्रिक काढले तर बाहेरची रेषा नियमित षट्कोनाची येते, आणि घनाचा सर्वांत जवळचा कोपरा व सर्वांत दूरचा कोपरा कागदावर एकाच बिंदूत पडतात. या दुबळेपणाचा फायदा घेऊन अशक्य आकृती काढता येतात. १९३४ मध्ये स्वीडनचे ऑस्कर रॉयटर्सवार्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे १९५८ मध्ये पेनरोज पितापुत्रांनी, असा एक त्रिकोण दाखवला की ज्याचा प्रत्येक कोपरा स्वतंत्रपणे पाहिला तर बिनचूक आहे, पण तिन्ही मिळून जी वस्तू होते ती जगात असूच शकत नाही. एशरच्या ‘धबधबा’ (१९६१) या चित्रात याच त्रिकोणाच्या आधाराने पाणी खाली पडून पुन्हा आपोआप वर पोहोचते. प्रत्येक तपशील खरा असूनही संपूर्ण चित्र अशक्य, ही स्थिती आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. बोली खरी, पिके खरी, देणे-घेणे खरे, आणि तरी अशा गावात कोणी राहू शकणार नाही, अशा कादंबऱ्या आपण वाचल्या आहेत. सर्वांना समान अंतरावरून पाहणाऱ्या सर्वज्ञ निवेदकाचा हा धोका आहे. तो कोठेच उभा नसल्यामुळे आपली चूक त्याला जाणवत नाही.

तिसरी शंका आमच्या जिल्ह्याने माझ्यापुढे ठेवली. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेची पायाभरणी मे २०२३ मध्ये झाली. एकमेकींशी काटकोनात असणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा हे तिचे रूप. कागदावर पाहिले तर एक स्वच्छ काटकोन. परंतु चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीचा गोलवाच एक मीटरहून अधिक भरतो. प्रकाशकिरण सरळ न्यायचा तर जमिनीचा पृष्ठभाग त्याच्यापासून हळूहळू खाली सुटत जातो. म्हणजे कागदावर जी रेषा सरळही आहे आणि सपाटही, ती जमिनीवर एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. हे अभियंत्यांना ठाऊक असते, आणि ते तिची भरपाई करतात. मला त्यांच्यापासून शिकावेसे वाटते ते एवढेच : प्रत्येक प्रक्षेपाच्या पोटात एक गृहीतक असते, आणि वस्तू पुरेशी मोठी झाली की ते गृहीतक उघडे पडते. वस्तू पेटीएवढी असेल तर जमीन सपाट धरून चालते. वस्तू माणसाचे आयुष्य असेल तर किती गृहीतके उघडी पडतील?

थॉमस नॅगेल या तत्त्वज्ञाने १९८६ च्या आपल्या ग्रंथात ‘कोठूनही नसलेल्या दृष्टी’चा विचार केला आहे. स्वतःच्या जागेपासून क्रमाक्रमाने दूर होत गेल्याने ज्ञान वाढते हे तो मान्य करतो. पण त्या दूर होण्यात ज्या जागेवरून आपण जगतो तीच हरवते, हेही दाखवतो. आयसोमेट्रिकच्या डोळ्याचीही हीच अडचण आहे. तेथे कोणी माणूस उभा राहू शकत नाही. आणि जेथे कोणी उभा नसतो, तेथे उत्तरदायी कोण?

तरीही फॅरिश यांनी ही पद्धत का मांडली, हे पाहिले म्हणजे तिची नैतिक बाजू पुन्हा उजळते. ते आपल्या व्याख्यानांत यंत्रांच्या प्रतिकृती दाखवत. त्या ठरावीक सुट्या भागांपासून जोडायच्या, व्याख्यान झाले की उकलायच्या आणि त्याच भागांतून दुसऱ्या जोडायच्या अशी व्यवस्था होती. जोडण्याचे काम साहाय्यकांचे. स्वतः हजर नसताना साहाय्यकाला कागद पाहून यंत्र उभे करता यावे, यासाठी त्यांना अशा चित्राची गरज होती. मोंजच्या पद्धतीचा जन्म तटबंदीच्या गुपितात झाला. ही पद्धत दुसऱ्याच्या हाती काही सोपवण्याच्या गरजेतून आली. म्हणजे या चित्राची कसोटी ते कसे दिसते ही नाही. त्यावरून दुसऱ्याला ती वस्तू बांधता येते काय, ही आहे. माझे व्यक्तिचित्र वाचून त्या सालगड्याचे आयुष्य कोणाला बांधता आले असते काय? एक गोठा आणि एक ढाळज तेवढी बांधता आली असती.

५

आमच्या भागात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी दोन कथांच्या रूपाने झालेला आहे, असे आता मला वाटते. दोन्ही नामदेवांच्या आहेत. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि दोन्ही कथा आमच्याकडे औंढ्याच्या नागनाथाच्या देवळातल्या म्हणून सांगतात.

पहिली सर्वांना माहीत आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तेथून उठवले गेले. ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले. आणि देऊळ फिरले, त्याचे तोंड मागच्या बाजूला झाले. नंदी मात्र होता तेथेच राहिला, म्हणून तो आज देवामागे आहे, असे सांगतात. दुसरी कथा विसोबा खेचरांची. ते पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी त्यांना हटकले तेव्हा, जेथे पिंड नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे ते म्हणाले. नामदेव पाय उचलून ज्या ज्या दिशेला नेत, तेथे तेथे पिंड प्रकट होई.

भक्तीच्या दृष्टीने या कथांचा जो अर्थ आहे तो मी येथे सांगत नाही. तो माझा अधिकार नव्हे. चित्रणाच्या प्रश्नापुरते पाहू. दुसऱ्या कथेत सर्व दिशा समान ठरतात. समोर आणि मागे हा भेद पाहणाऱ्याचा आहे, वस्तूचा नाही. ही आयसोमेट्रिकची शिकवण आहे. पहिल्या कथेत दिशांचा भेद कायम आहे. देवळाला पुढची बाजू आहे आणि मागचीही आहे. फक्त ज्याला मागे घालवले त्याच्याकडे ती पुढची बाजू वळते. म्हणजे दृष्टी एका जागेचीच राहते, पण ती जागा बदलते, आणि बदलते ती हाकललेल्याच्या बाजूने.

परंपरेने या दोहोंपैकी एक कथा ठेवून दुसरी टाकून दिली नाही. सर्व दिशा सारख्या आहेत हे विसोबांकडून कळल्यानंतरही नामदेव कोठेतरी उभे राहूनच गात राहिले. अनंतावर जाऊन कोणाला गाता येत नाही. मग समदृष्टीचा उपयोग काय? तिचा उपयोग एवढाच की, आपण जेथे उभे आहोत ती जागा म्हणजे देवळाची जन्मजात पुढची बाजू नव्हे, हे तिच्यामुळे कळते. आणि एकदा ते कळले की कोठे उभे राहायचे हा प्रश्न दृष्टीचा न राहता निवडीचा होतो. म्हणजेच नीतीचा होतो.

आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. देऊळ फिरले, पण कथेने नंदी फिरवला नाही. पूर्वी तोंड कोणीकडे होते याची खूण शिल्लक ठेवली. बदल झाला एवढेच सांगून ती कथा थांबत नाही. बदलण्यापूर्वी अन्याय होता याचा दगडी पुरावाही ती जागेवर ठेवते.

६

निवडक संग्रहाच्या बाबतीत माझ्यापुढे तीन मार्ग होते. लेख मागे घेणे हा एक. परंतु त्याने मी तेवढा स्वच्छ झालो असतो. त्या माणसाचा जो काही उल्लेख मराठीत झाला आहे तोही पुसला गेला असता. लेख पुन्हा लिहून त्यात त्याची रात्र, त्याचे घर, त्याची चूल घालणे हा दुसरा. परंतु त्या घरात मी कधी पाऊल टाकले नव्हते. आमच्या घरच्या कोणीच टाकले नव्हते. न पाहिलेली रात्र खरी वाटेल अशी लिहिणे मला अवघड गेले नसते. तेवढी कारागिरी या व्यवसायात येतेच. तिरकस प्रक्षेपात खोली निम्मी करून पेटी खरी दिसवतात, तसे ते झाले असते.

मी निदेशकांना म्हणालो, तुम्हीच वडिलांवर लिहा. ते म्हणाले, ‘‘मी लिहीत नाही, सर. मी ड्रॉइंग काढतो.’’ आणि चारपाच दिवसांनी त्यांनी एक कागद आणून दिला. त्यावर त्यांच्या जुन्या घराचे आयसोमेट्रिक होते. छप्पर उचलून बाजूला ठेवल्यासारखे दाखवले होते, म्हणजे आतले दिसावे. एकच खोली, बारा फूट बाय नऊ फूट. कुडाच्या भिंती. चूल, उतरंड, खुंटी, दिव्याचा कोनाडा, दाराशी रांजण. प्रत्येकाला माप दिलेले. आयसोमेट्रिकमध्ये लपलेल्या कडा सहसा दाखवत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितले होते. गरज असेल तरच दाखवतात. या चित्रात मागच्या भिंतीत एक लहानसा चौकोन तुटक रेषेने काढलेला होता. हे काय, असे मी विचारले. ‘‘झरोका. त्याच्यातून तुमची ओसरी दिसायची.’’

ज्या घराला मी लोपबिंदू मानले होते त्या घराला डोळा होता, आणि त्या डोळ्याला आम्ही दिसत होतो. किती लहान दिसत होतो, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

लेख आता त्या संग्रहात आहे. मूळ मजकुरात मी एक अक्षरही बदललेले नाही. नंदी होता तेथेच ठेवला आहे. प्रारंभी दोन वाक्ये घातली आहेत : हे सर्व एका वाड्याच्या ओसरीवरून पाहिलेले आहे, आणि लिहिणाऱ्याने या माणसाचे घर आतून कधी पाहिले नाही. शेवटी निदेशकांच्या परवानगीने त्यांचे चित्र, मापांसह, छापले आहे. त्याखाली नाव त्यांचे आहे. एवढ्याने ऋण फिटते असे मी मानत नाही. दोन प्रक्षेप एका पुस्तकात आले म्हणून वस्तू उभी राहते असे नव्हे. ती वाचकाला मनात उभी करावी लागते, आणि तेही शिकल्याशिवाय जमत नाही.

ते मी वर्गात शिकवू पाहतो आहे. ‘निवेदक’ हे प्रकरण आले की हल्ली मी विद्यार्थ्यांना प्रथम त्यांच्या गावातील एका घराचे चित्र काढायला सांगतो, आणि मग विचारतो की, हे काढताना तुम्ही कोठे उभे होता. बहुतेक जण क्षणभर गोंधळतात. आपण कोठे तरी उभे होतो, हेच त्यांच्या ध्यानात आलेले नसते.